तांबडे तांबे हिरवे का होते? घासावे कुठे आणि थांबावे कुठे



आपल्या भाषेतला 'तांबडा' हा शब्द तांब्यावरून आला. 'तांबूस' तिथूनच आला आणि पहाटे 'तांबडे फुटते' तेही याच धातूच्या रंगाचे. पाणी पिण्याच्या भांड्यालासुद्धा आपण धातूचेच नाव दिले. आज ते भांडे स्टीलचे असले तरी आपण त्याला 'तांब्या'च म्हणतो. असे असताना हेच तांबडे तांबे उघड्यावर राहिले की आधी तपकिरी, मग काळपट आणि शेवटी हिरवे कसे होते, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला दरवर्षी कोणीतरी विचारतेच.

बहुतेक मुले चटकन उत्तर देतात, "सर, गंज चढतो." हे उत्तर अर्धे बरोबर आहे. हवा आणि पाणी यांच्यामुळे धातू बदलतो एवढे त्यात खरे आहे. पण लोखंडाचा गंज आणि तांब्याचा हिरवेपणा यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक नीट कळला नाही तर दोन प्रकारे नुकसान होते. जिथे हिरवा थर ताबडतोब काढायला हवा तिथे आपण तो राहू देतो आणि पोट बिघडते. जिथे त्याला हातही लावू नये तिथे आपण चिंच घेऊन घासत बसतो आणि शेकडो वर्षांची वस्तू एका दुपारी घालवतो. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

आधी धातूंची ओळख

शुद्ध तांबे तांबडे असते. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कांस्य, म्हणजेच ब्राँझ. देवघरातले ताम्हण, पळी आणि पंचपात्र बहुधा तांब्याचे असते. समई, घंटा, जुनी पातेली आणि डबे पितळेचे असतात. चौकातले मोठे पुतळे बहुधा कांस्याचे असतात. या तिन्हींमध्ये तांब्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे पुढे जे सांगणार आहोत ते थोड्याफार फरकाने तिन्हींना लागू पडते.

रंग बदलण्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी तपकिरी रंगाची. नुकतेच घासलेले तांबे उघड्यावर ठेवले की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावतो आणि क्युप्रस ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. काही आठवड्यांत चकाकी जाते आणि वस्तू तपकिरी दिसू लागते. घासलेला तांब्या चार दिवसांत मंद का दिसतो, याचे कारण हेच.

दुसरी पायरी काळपट रंगाची. क्युप्रस ऑक्साइडचा आणखी ऑक्सिजनशी संयोग होऊन काळे क्युप्रिक ऑक्साइड बनते. हवेत गंधकाची संयुगे असतील तर काळे सल्फाइडही बनते. गंधकाची संयुगे कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत येतात, गटारातून येतात, आणि थोडी आपल्या कांदा-लसणातूनही येतात.

तिसरी पायरी हिरव्या रंगाची. हिच्यासाठी नुसती हवा पुरत नाही, पाणी लागते. पाऊस, दव किंवा दमट वारा तांब्यावर पाण्याचे अदृश्य पटल धरतो. त्या पाण्यात हवेतले वायू आणि क्षार विरघळतात, तांब्याचे थोडे कणही उतरतात, आणि सगळे मिळून हिरवे किंवा निळसर हिरवे क्षार तयार होतात. पाणी सुकले की ते तिथेच चिकटून बसतात. पुन्हा ओल, पुन्हा ऊन. असे वर्षानुवर्षे चालले की कणाकणाने हिरवा थर जमतो. मराठीत याला जुना शब्द आहे 'जंगाल'. बोलताना आपण 'कळंक चढला' असेही म्हणतो.

आता दहावीच्या मुलांनी इकडे लक्ष द्यावे. पाठ्यपुस्तकात असे दिलेले असते की हवेतील ओलसर कार्बन डायऑक्साइडची तांब्यावर क्रिया होऊन हिरवे कॉपर कार्बोनेट तयार होते. हे चूक नाही आणि परीक्षेत तेच लिहावे. पण उघड्यावरच्या तांब्याचा रंग तपासला तर कार्बोनेटपेक्षा दुसरेच क्षार जास्त सापडतात. शहरात आणि कारखान्यांच्या भागात पावसाबरोबर सल्फेट येते, म्हणून तिथे तांब्याचे सल्फेटयुक्त क्षार जास्त असतात. समुद्रकाठी वाऱ्याबरोबर मीठ येते, म्हणून तिथे क्लोराइडयुक्त क्षार जास्त असतात. पाऊस थोडा जरी आम्लधर्मी असला तरी कार्बोनेट त्यात टिकत नाही, विरघळून जाते. म्हणजे हिरवा थर हा एक प्रकारे त्या गावच्या हवेचा दाखला असतो.

सुरतेची हवा आणि खानदेशची हवा

आपल्या शाळेतील कितीतरी कुटुंबांचे एक घर सुरतेत आणि दुसरे घर धुळे, जळगाव किंवा नंदुरबारकडे आहे. दोन्हीकडे नदी तापीच. पण वरच्या अंगाला कोरडी हवा आणि खालच्या अंगाला समुद्र. डुमसच्या किनाऱ्यावरून येणारा वारा आपल्याबरोबर मिठाचे बारीक कण आणतो. पावसाळ्यात हवा कित्येक आठवडे दमट राहते. म्हणून एकाच तांब्याच्या पत्र्याचे दोन तुकडे करून एक सुरतेत गच्चीवर आणि दुसरा खानदेशात गावच्या घराच्या पत्र्यावर ठेवला, तर दोघांचे रंग एकाच वेगाने बदलणार नाहीत. खारट, दमट हवेत हिरवा रंग काही वर्षांत दिसू लागतो. कोरड्या हवेत त्याला कित्येक दशके लागतात, आणि अगदी रुक्ष प्रदेशात तांबे तपकिरीच राहते.

एकाच वस्तूवरसुद्धा फरक दिसतो. तिरप्या भागावर पावसाचे पाणी थोडे रेंगाळते, म्हणून तो लवकर हिरवा होतो. उभ्या भागावरून पाणी लगेच ओघळते, म्हणून त्याला वेळ लागतो. वळचणीखालचा जो भाग कधी भिजतच नाही, तो तपकिरी राहतो. पुढच्या वेळी एखादा जुना कांस्य पुतळा पाहाल तेव्हा त्याचे खांदे आणि हनुवटीखालचा भाग यांची तुलना करून पाहा.

हिरवा थर हे पांघरूण आहे

आता मुख्य मुद्दा. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो फुगतो, सुटतो, खपले पडतात, आणि खालचे नवे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. म्हणून लोखंड शेवटपर्यंत खाल्ले जाते. तांब्याचा थर मात्र घट्ट असतो आणि खालच्या धातूला चिकटून बसतो. तो जसा जाड होतो तशी हवा-पाण्याची वाट अडते आणि पुढची झीज मंदावते. म्हणजे तांबे आपल्याच झिजेतून आपले पांघरूण विणते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. १८८६ साली तो उभा राहिला तेव्हा नव्या घागरीसारखा तांबूस होता. त्याचा तांब्याचा पत्रा फक्त सुमारे २.४ मिलिमीटर जाड आहे. समुद्राच्या वाऱ्यात तो आधी तपकिरी झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरवा पडला. १९०६ साली सरकारी पातळीवर त्याला रंग देण्याचा विचार झाला, तेव्हा लोकांनी विरोध केला. अभियंत्यांनीही तपासून सांगितले की हा थर तांब्याचे रक्षण करतो आहे. रंग दिला गेला नाही. शंभर वर्षांनी मोजणी झाली तेव्हा पत्र्याची झीज सरासरी सुमारे ०.१ मिलिमीटर एवढीच भरली, म्हणजे वर्षाला मिलिमीटरचा साधारण हजारावा भाग. गणिताच्या तासाला हा हिशेब करून पाहा: याच वेगाने पत्रा निम्मा व्हायला किती वर्षे लागतील?

आपल्याकडचे मोठे उदाहरण सुरतेपासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. केवडिया येथील सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाला. त्याचे शिल्पकार राम सुतार यांचा जन्म १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी झाला, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावांच्या शेजारीच. या पुतळ्याच्या बाहेरचे आवरण कांस्याचे आहे. सध्या तो तपकिरी दिसतो. तुमची नातवंडे सहलीला जातील तेव्हा कदाचित त्याच्यावर हिरवट छटा आलेली असेल. त्या वेळी 'पुतळ्याची निगा राखली नाही' असे कोणी म्हणाले, तर त्यांना हा धडा समजावून सांगायचा आहे.

पुण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनी घडवलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालचा आहे. तो कांस्यात एकसंध ओतलेला आहे आणि त्याने जवळजवळ शंभर पावसाळे पाहिले आहेत. कांस्याला पावसाचे भय नसते. भय कशाचे असते ते आता पाहू.

खरा धोका आत असतो

दहावीला आपण धातूंची क्रियाशीलता श्रेणी शिकतो. लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचली की विद्युतप्रवाह मिळतो, तो प्रयोगही करतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल असली की असाच विद्युतघट तयार होतो. त्यात जास्त क्रियाशील धातू खर्ची पडतो. तांबे आणि लोखंड एकत्र आले तर तांबे सुरक्षित राहते आणि लोखंड झपाट्याने गंजते.

मोठा पुतळा आतून पोकळ असतो आणि त्याला बहुधा लोखंडाचा सांगाडा असतो. न्यूयॉर्कच्या पुतळ्याचा सांगाडा लोखंडी होता. तांबे आणि लोखंड टेकू नये म्हणून मध्ये अॅस्बेस्टॉसचे अस्तर घातले होते, पण कालांतराने ते निकामी झाले. लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि पत्र्याचे रिबिट उपटले गेले. १९८४ ते १९८६ या काळात त्या पट्ट्या काढून गंजरोधक पोलाद बसवावे लागले. बाहेरचे हिरवे तांबे मात्र तसेच ठेवले.

महाराष्ट्रातील घटना तर अलीकडचीच आहे आणि ती ऐकून आपण सर्वच व्यथित झालो होतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी उभारलेला शिवरायांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या सहा दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पत्रात, पाऊस आणि खारा वारा यांमुळे पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे कळवले गेले होते. पुढे चौकशीतही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे सांगितली गेली. या कारणांत पुतळ्याच्या बाहेरच्या रंगाचा उल्लेख नाही. २०२५ साली त्याच जागी अधिक उंच नवा कांस्य पुतळा उभा राहिला.

यातून विश्वस्त मंडळींसाठी आणि सर्वच संस्थांसाठी एक साधा बोध निघतो. आवारात पुतळा बसवताना बाहेरच्या चकाकीची चौकशी करण्यापूर्वी आतल्या सांगाड्याची करावी. कोणत्या धातूचा आहे, सांध्यांत पाणी साचते का, तळाशी पाणी निघून जायला वाट आहे का, हे विचारावे. हिरव्या पुतळ्याने घाबरू नये. पण पुतळ्यावरून तांबडे-तपकिरी गंजाचे ओघळ दिसू लागले तर आतले लोखंड बोलते आहे असे समजून लगेच जाणकाराला बोलवावे.

जयंती-पुण्यतिथीला आपण पुतळे धुतो, ती भावना चांगलीच आहे. पण चिंच, लिंबू, धुण्याची पूड किंवा तारेची घासणी वापरू नये. साधे पाणी, मऊ कापड आणि नंतर कोरडे पुसणे एवढे पुरे. पक्ष्यांची विष्ठा मात्र साचू देऊ नये, कारण ती धातूला डाग पाडते. हार घालावा, पण तो कुजेपर्यंत राहू देऊ नये.

सुरतेची जर

तांब्याचा रंग बदलतो हे सुरतेला पुतळ्यांच्या आधीपासून माहीत आहे, ते जरीमुळे. आपल्या शहराच्या जरीकामाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, आणि सुरतेची जर दूरदूरच्या विणकरांकडे जाते. खरी जर म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. तिच्यापेक्षा स्वस्त जरीत आत तांब्याची तार असते आणि तिच्यावर चांदीचा पातळ थर चढवलेला असतो. ही तार चपटी करून धाग्याभोवती गुंडाळतात.

पातळ थर झिजला किंवा त्यात बारीक छिद्रे पडली की हवा आतल्या तांब्यापर्यंत पोचते आणि तीच पहिली-दुसरी पायरी सुरू होते. जर आधी तांबूस, मग काळी पडते. घामाचे मीठ लागले तर हिरवे डागही दिसतात. वरची चांदीसुद्धा गंधकाने काळवंडते. हल्ली प्लॅस्टिकच्या फितीवर धातूचा लेप दिलेली जर मिळते, तिच्यात तांब्याची तार नसते, त्यामुळे ती अशी बदलत नाही.

आजीचे जरीचे लुगडे किंवा आईचा शालू जपायचा असेल तर या गोष्टी कराव्यात. नेसल्यानंतर सावलीत वाऱ्यावर टाकून घाम सुकू द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता मऊ सुती कापडात गुंडाळावे. अत्तर जरीवर फवारू नये. वर्षातून एक-दोनदा पावसाळा सोडून घडी मोडून पुन्हा घालावी. काळी पडलेली जर लिंबाने किंवा चिंचेने कधीही उजळू नये, कारण आम्ल उरलासुरला मुलामाही काढून टाकते.

स्वयंपाकघरात मात्र हिरवे चालणार नाही

पुतळ्यावर जे पांघरूण आहे, तेच पातेल्यात विष ठरते. हिरवे क्षार आम्लात सहज विरघळतात. ताक, आमटी, चिंचेचे सार, लोणचे, टोमॅटोची भाजी हे सगळे आंबट, म्हणजे आम्लयुक्त पदार्थ. ते उघड्या तांब्या-पितळेत राहिले की तांबे अन्नात उतरते. चव बिघडते, मळमळते, उलट्या होतात, पोटात कळा येतात. आपल्या आजीच्या बोलण्यात यासाठी एक नेमका शब्द आहे, 'कळकणे'. "पितळेत ताक ठेवू नकोस, कळकेल," असे ती म्हणायची तेव्हा ती रसायनशास्त्रच सांगत होती.

त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडे भात्याच्या आगीवर तापवतो, नवसागर टाकून आतला पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवतो. भांड्याच्या आत चांदीसारखा पांढरा थर बसतो. अन्न कथिलाला लागते, तांब्याला लागत नाही. कथील झिजून आतला तांबडा किंवा पिवळा धातू दिसू लागला की कल्हई पुन्हा करायची वेळ झाली. लग्नकार्यात किंवा उत्सवात माळ्यावरची मोठी पितळी पातेली बाहेर निघतात, तेव्हा आधी आत वाकून एवढे पाहून घ्यावे, ही पालकांना विनंती.

तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे का, असे पालक वारंवार विचारतात. साधे पाणी रात्रभर ठेवून पिण्यास सहसा हरकत नाही. तांब्याच्या संपर्कात अनेक जिवाणू मरतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र तांब्याचे प्रमाण मर्यादेत हवे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आहे. म्हणून भांडे आतून नियमित घासावे, हिरवे ठिपके दिसल्यास त्यातले पाणी ओतून द्यावे, आणि त्यात लिंबूपाणी, ताक किंवा पंचामृत ठेवू नये. बाटलीचे तोंड अरुंद असेल आणि आत हात जात नसेल, तर आत काय साठले आहे हे दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. गढूळ किंवा दूषित पाणी तांब्यात ठेवल्याने शुद्ध होते असे मात्र समजू नये. ते उकळलेच पाहिजे.

भांडी घासायला चिंच, लिंबू-मीठ किंवा आमसूल का चालते, हेही आता कळेल. त्यातले आम्ल काळा-हिरवा थर विरघळवते आणि खालचे तांबडे तांबे उघडे होते. पण आम्ल आणि मीठ भांड्यावर राहिले तर दुसऱ्याच दिवशी नवा हिरवा थर येतो. म्हणून भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसावे.

जुने नाणे, जुना ताम्रपट

काही घरांत जुनी तांब्याची नाणी असतात. शिवरायांच्या काळापासून चालत आलेली 'शिवराई' ही तांब्याचीच. तिच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. प्राचीन राजांची दानपत्रेही तांब्याच्या पत्र्यावर कोरली जात. शके ७४३ म्हणजे इ.स. ८२१ मधील राष्ट्रकूट कर्कराजाचे दानपत्र अभ्यासकांना 'सुरत ताम्रपट' म्हणूनच ठाऊक आहे. कागद एवढा टिकला नसता आणि लोखंडही टिकले नसते. तांबे टिकले, कारण ते आपल्याच थराखाली झाकून राहू शकते.

अशा वस्तू चिंचेने उजळणे म्हणजे इतिहास धुऊन टाकणे आहे. शेकडो वर्षांत नाण्याच्या उठावाचा बराचसा भाग त्या थरातच सामावलेला असतो. थर गेला की अक्षरांच्या कडाही जातात. नाणे चकाकते, पण वाचता येत नाही. अभ्यासकाच्या आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते ते वेगळेच.

एक सावधगिरी मात्र हवी. सगळाच हिरवा रंग पांघरुणाचा नसतो. गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा किंवा तपकिरी थर असेल तर वस्तू शांत आहे. पण फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके दिसले आणि बोट लावताच ते गळू लागले, तर तो आजार आहे. त्याला 'कांस्यरोग' म्हणतात. वस्तूच्या आत अडकलेले क्लोराइड ओलाव्यात आम्ल तयार करते, ते आम्ल आणखी तांबे खाते आणि हे चक्र चालूच राहते. सुरतेच्या दमट हवेत याची काळजी जास्त घ्यावी लागते. अशी वस्तू बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या डबीत, ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी घालून ठेवावी आणि वस्तुसंग्रहालयातील जाणकारांना दाखवावी.

घरी करायचा प्रयोग

जुन्या, कुठेही न जोडलेल्या वायरमधून तांब्याची तार मोठ्या माणसांकडून सोलून घ्या. बोटभर लांबीचे चार तुकडे चिंचेने घासून, धुऊन, पुसून घ्या. झाकणाच्या चार काचेच्या बाटल्यांवर क, ख, ग, घ अशी चिठ्ठी लावा.

क मध्ये कोरडी तार ठेवा.
ख मध्ये साध्या पाण्यात भिजवलेली तार ठेवा.
ग मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेली तार ठेवा.
घ मध्ये तळाशी व्हिनेगारमध्ये भिजवलेला कापूस ठेवा आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेली तार त्याला न टेकता वर टांगा.

झाकणे लावून पंधरा दिवस रोज एकाच वेळी रंग पाहा आणि वहीत तारीखवार लिहा. घ मधील तार दोन-चार दिवसांत निळसर हिरवी होऊ लागेल. बाकीच्यांचा क्रम तुम्ही शोधा. हिरवी तार चाखू नये, लहान भावंडांच्या हाती देऊ नये, प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत आणि त्या बाटल्या पुन्हा खाण्यापिण्यासाठी वापरू नयेत.

दुसरा प्रयोग धीराचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा घासलेल्या तारेचा एक तुकडा तिथे उघड्यावर बांधा आणि दुसरा इथे गच्चीवर बांधा. पुढच्या दिवाळीला दोन्ही आणून शेजारी ठेवा. तापीच्या दोन टोकांच्या हवेत काय फरक आहे, ते तारा सांगतील.

विचार करा आणि लिहा

१. कांस्य पुतळ्यावर हिरवा थर आणि तांबडे-तपकिरी ओघळ दोन्ही दिसले. काळजी कशाची करावी आणि का?
२. एकाच पुतळ्याचा एक भाग हिरवा आणि दुसरा तपकिरी असण्याची दोन कारणे द्या.
३. पातेल्यातील हिरवा थर काढायचा, पण शिवराईवरचा ठेवायचा. दोन्हींचे कारण एकेका वाक्यात सांगा.
४. घरातील सर्वांत वडील व्यक्तीला 'कळकणे' म्हणजे काय ते विचारा आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

उत्तरे आणि प्रयोगाच्या वह्या आपापल्या विज्ञान शिक्षकांकडे द्याव्यात. चौथ्या प्रश्नाची उत्तरे आम्ही विशेष उत्सुकतेने वाचणार आहोत, कारण तो शब्द आता घराघरांतून कमी ऐकू येतो. भांडे बदलले की शब्दही जातो. तो निदान आपल्या वह्यांत तरी राहावा.